ताईच्या गोळ्या आणि गावची पपनसं

ज्या विकरावर मी पीएचडीची सहा वर्षं घालवली, नेमक्या त्यालाच अडवणाऱ्या गोळ्या ताईला लिहून दिल्या, तेव्हा मला मूर्खासारखा आनंद झाला होता. घाटकोपरला तिच्या स्वयंपाकघरात बसून मी तिला समजावलं. पेशीतला डीएनए तुटला की हे विकर तिथे पोचतं, प्रथिनांवर एडीपी-रायबोजच्या माळा चढवतं आणि त्या माळांकडे दुरुस्ती करणारी प्रथिनं धावतात. तुझ्या अंडाशयातल्या कॅन्सरच्या पेशींचा दुरुस्तीचा दुसरा मार्ग आधीच बिघडलाय. गोळीने हे विकर अडवलं की त्या मरतात.

"म्हणजे प्लंबरलाच कोंडून ठेवायचं," ताई म्हणाली. "हुशार आहेस गं तू."

गोळ्यांसोबतच्या कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नये असं लिहिलं होतं. मी तो कागद दोनदा वाचला. ग्रेपफ्रूट आमच्यात खातंय कोण? ते मॉलमध्ये स्टिकर लावून मिळणारं फळ.

गणपतीला ताईला गावी जाता आलं नाही. चुलतभावाने येताना मंडपीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळांमधली, दोन पपनसं आणली. प्रसादच तो, नको कसं म्हणणार? गोळ्यांनी ताईच्या तोंडाची चव गेली होती. भात मातीसारखा लागतो म्हणायची. पपनस मात्र आवडीने खाल्लं. मग मी गावाहून पोतंभर मागवली. रोज कॉलेज सुटलं की मुलुंडहून तिच्याकडे जायची आणि एकेका फोडीचा कडू पापुद्रा सोलून तिच्या ताटलीत ठेवायची. त्या दिवसांत मला फार बरं वाटायचं.

महिन्याभरात तिचं हिमोग्लोबिन इतकं उतरलं की रक्त चढवावं लागलं. गोळ्या थांबवल्या. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं, तर मी तोऱ्यात म्हटलं, "बाहेरचं काही नाही. सगळं घरचं, गावचं."

"गावचं म्हणजे काय?"

मी पपनस म्हटलं आणि ते माझ्याकडे बघतच राहिले. ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच पोर. त्याच्यासारखंच पपनसही गोळीतलं औषध शरीराला मोडू देत नाही, ते रक्तात साचत जातं. बायोकेमिस्ट्री शिकवते मी. सांगायला लाज वाटते.

"फळानेच झालं असं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "या गोळ्यांनी एरवीही रक्त कमी होतं." मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

गोळ्या कमी डोसवर पुन्हा सुरू झाल्या, पण दिवाळीनंतरच्या स्कॅनमध्ये यकृतावर गाठी दिसल्या. मग गोळ्या कायमच्याच बंद केल्या. ताईला मी एवढंच सांगितलं होतं की पपनस त्या गोळ्यांना चालत नाही. बाकीचं सांगायची हिंमत झाली नाही.

शेवटच्या भेटीत तिनेच डॉक्टरांना विचारलं, "आता तरी पपनस खाऊ का?"

"खा की," ते हळूच म्हणाले. "आता काहीही खाल्लंत तरी चालेल."

ताई खूश झाली. खुशीत आली की ती मालवणीवर जाते. रिक्षात बसल्या बसल्या मला कोपराने ढोसत म्हणाली, "बघ, उगाच घाबरवलंस ना माका! गावाक फोन लाव, चार पाठवूक सांग."

मी फोन लावला. पुन्हा पोतंभर पाठवू का, असं चुलतभावाने विचारलं. नको, चारच पुरे, असं मी म्हटलं.