माझ्या बाजूने शपथ घेणारं कोणी

इंग्लंडमध्ये आमचं पाचवं आणि वॉटफर्डमध्ये दुसरं वर्ष चालू होतं. एका शनिवारी सकाळी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, तेव्हा दोन पोलीस दारात आले. आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी स्टेशनजवळच्या राउंडअबाउटवर एका निळ्या गाडीने सायकलवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना धक्का दिला होता आणि गाडी न थांबताच निघून गेली होती. त्यांचा खांदा मोडला होता. फुटपाथवरच्या एका बाईने गाडीचा नंबर सांगितला होता. तो माझ्या गाडीचा होता.

"त्या संध्याकाळी तुम्ही तिथून गेला होतात?"

"हो. रोजच जाते."

"काही लागल्यासारखं वाटलं?"

"नाही."

ते बाहेर जाऊन गाडीभोवती फिरले. डाव्या दरवाजावर ओरखडा होता, त्याचा त्यांनी फोटो काढला. तो जुनाच असावा असं मला वाटत होतं, पण कधीचा आणि कशाचा, हे काही केल्या आठवेना.

पुढे केस उभी राहिली. आमचा सेटलमेंटचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज तोंडावर आला होता. गुन्हा शाबीत झाला तर काय होईल, हे मी नवऱ्याला विचारलं नाही आणि त्यानेही विषय काढला नाही. सायकल दिसली की मी गाडी अगदी हळू करायची. राउंडअबाउटवर आले की मी गाडीतला रेडिओ बंद करायची आणि त्या संध्याकाळचा एखादा आवाज आठवतो का ते बघायची. हळूहळू एक 'टक्' असा आवाज आठवायलाही लागला. तो खरा होता की मीच तयार केला होता, देव जाणे.

त्याच सुमारास मुलीला शाळेत मध्ययुगीन इंग्लंडची न्यायालयं शिकवत होते. जेवताना ती सांगायला लागली, "आई, तेव्हा कॅमेरे नव्हते ना, म्हणून ते देवाला विचारायचे. तापलेला लोखंड हातात धरून चालायचं. मग हात बांधायचा. नंतर प्रीस्ट पट्टी सोडून बघायचा. जखम क्लीन झाला तर सुटला. सडला तर गिल्टी."

"आपल्याकडेही होतं ते," मी म्हणाले. "दिव्य म्हणायचे त्याला. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा. मग हाताला पिशवी बांधून त्यावर मोहोर लावायचे." दिव्य केलं, दिव्य केलं असं आपण येता-जाता म्हणतो. त्या क्षणी मात्र तो शब्द उच्चारल्यावर मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"पण सगळ्यांना नाही करायला लागायचं," ती म्हणाली. "चांगले शेजारी असले तर ते येऊन शपथ घ्यायचे, की हा माणूस खोटं बोलत नाही. पुरेसे लोक आले की केस संपला. पण फॉरेनर असला, त्याला ओळखणारं कोणी नसलं, तर मग लोखंड."

तिने पुढे काय सांगितलं ते मला ऐकूच आलं नाही.

वकिलांनीही तेच विचारलं. तुमच्या स्वभावाबद्दल कोर्टात येऊन सांगेल असं कोणी आहे का? घरचं माणूस नको. मी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला फोन केला.

"तू केलं नाहीस हे मला माहितीये गं," ती म्हणाली. "पण आमचाही अर्ज आत आहे. कोर्टात नाव नको ना यायला."

मी "बरं" म्हणाले. राग आला नाही. तिच्या जागी मीही घाबरलेच असते.

शेजारच्या बाईंशी आमचं बोलणं कचऱ्याचे बिन्स आणि एकदा माझ्या हातून फुटलेली त्यांची कुंडी यांपलीकडे कधी गेलं नव्हतं. त्यांनी पोलीस येताना पाहिले होते. एक दिवस त्यांनीच कुंपणापाशी येऊन विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्या बागकामाचे हातमोजे न काढताच ऐकत राहिल्या.

"तुम्ही धक्का दिलात का?"

"नाही. म्हणजे, मला तसं वाटत नाही."

"ही दोन वेगळी उत्तरं झाली."

"आधी पहिलं होतं," मी म्हणाले. "आता दुसरं झालंय."

त्यांनी एकेक हातमोजा काढला. मग म्हणाल्या, "येईन मी."

कोर्टात समोर तिघे मॅजिस्ट्रेट बसले होते. फुटपाथवरची बाई प्रामाणिक होती. वकिलांनी शांतपणे विचारत नेलं, तेव्हा तिने कबूल केलं की नंबराची सुरुवात तिने नक्की वाचली होती. पुढचा भाग तिने त्या गृहस्थांना सावरता सावरता मनात घोळवला होता. त्या गृहस्थांनी गाडी पाहिलीच नव्हती, आणि दरवाजावरचा ओरखडा त्या धक्क्याचाच आहे असं पोलिसांनाही ठामपणे सांगता आलं नाही. शेवटी शेजारच्या बाई उभ्या राहिल्या. "यांच्याकडून माझी कुंडी फुटली होती," त्या म्हणाल्या. "मी घरी नव्हते, मला कधी कळलंही नसतं. मी परत आले, तर या दारात उभ्या होत्या. त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत."

गुन्हा सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला.

बाहेर लिफ्टपाशी ते गृहस्थ एकटेच उभे होते. हात अजून झोळीत होता. मला पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही होतात का?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मी नव्हते, असं मला मनापासून वाटतं," मी म्हणाले. याहून जास्त मला सांगता येत नव्हतं.

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. लिफ्ट आली आणि त्यांनी मला आधी जायला खूण केली. त्यांच्यासोबत त्या बंद जागेत उभं राहायचं धाडस मला झालं नाही. मी जिन्याकडे वळले आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले.