घासूकाकांचं बोट

बत्तीस वर्षं धातू घासून त्याचा आरसा करणाऱ्या त्या माणसाला सगळे घासूकाका म्हणत. अलीकडे ते वाटीएवढ्या यानाचं बूड घासत. जमिनीवरून सोडलेला लेझर त्या बुडावर पडला की तिथली हवा भडकायची आणि यान वर उडायचं. बुडावर डाग असला, तर तिथेच जळून भोक पडायचं. म्हणून उघड्या हाताने यानाला शिवणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी जायची.

त्या सकाळी यान पेटीत ठेवताना काकांनी हातमोजा काढला आणि बुडावरून एक बोट फिरवलं. कुणी पाहिलं नाही.

उड्डाणाला दहा मिनिटं असताना ते तिथल्या प्रमुख असलेल्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, थांबवा. माझं बोट लागलंय."

"चुकून ना?" बाईंनी सुटकेची वाट काढून दिली.

"नाही हो. इतकी वर्षं मोज्यातूनच घासलं. एकदा हाताला कसं लागतं, ते बघायचं होतं."

"अहो काका, गप्प बसला असतात तर?"

"जळालं असतं ते."

बाईंनी यान परत मागवलं. काकांनी ते शेवटचं घासून दिलं. दुपारी तडतडत ते वर गेलं, तेव्हा काका कपाट रिकामं करत होते.

दाराशी बाई आल्या. "कसं लागलं मग हाताला?"

"गार," काका म्हणाले. "आता नसेल."