यवतमाळच्या जॅझमध्ये ह्यांचं क्लारनेट

उमरखेडच्या स्टँडवरून यवतमाळची पहिली गाडी सुटते तेव्हा चहावाल्याची शेगडीसुद्धा नीट पेटलेली नसते. वैशाखाचे दिवस. ऊन डोक्यावर यायच्या आत पोचावं म्हणून आम्ही हीच गाडी धरली. हे पुढं कपड्यांची पिशवी घेऊन, मी मागं काळी पेटी कवटाळून. पेटीत ह्यांचं क्लारनेट होतं. वरच्या फळीवर ते तापेल म्हणून मी पेटीला ओला दुपट्टा गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसले.

कंडक्टर आला. माझ्या मांडीकडं बघून म्हणाला, "मावशी, तुमचं अर्धं तिकीट. अन् लेकराचं वय काय?"

मी मान खाली घातली. मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही. दुकानातसुद्धा मी वस्तूकडं बोट दाखवते. हेच म्हणाले, "तीस वर्साचं हाय साहेब. पण फुकल्याशिवाय रडत नाई."

सगळी गाडी हसली. मीही पदराआड हसले.

हे आमच्या गावच्या बँड पार्टीत तीस वर्षं क्लारनेट वाजवतात. पूर्वी पार्टीत अकरा माणसं होती. आता लग्नात डीजे येतो, आणि पार्टीत चार जण उरले. परवा पारावर एकजण ह्यांना म्हणाला, "आता तुह्या बाजाचा उपयोग वावरातली पाखरं हाकलाले." हे तिथं हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाला यवतमाळचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. सगळे त्यांना सर म्हणतात. जेवणाचं ताट ठेवून ते वरातीबरोबर शेवटपर्यंत चालत आले आणि ह्यांना म्हणाले, "आम्ही उन्हाळ्यात जॅझचा महोत्सव करतो. तीन संध्याकाळी. दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही या आणि एकट्यानं वाजवा." जॅझ म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. तरी ह्यांनी हो म्हटलं. निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "तिथं जमलं त पुढं वाजवीन. नाई जमलं त ही पेटी माळ्यावर टाकून देतो." हे उगाच बोलणारे नाहीत, हे मला माहीत होतं.

महागाव गेलं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी वावरं, बांधावर पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळल्या झाडांचे) ढीग. पाट्या वाचत जाणं ही माझी सवय आहे. शाळा चौथीत सुटली, पण गाडी हळू असली की मी एकही पाटी सोडत नाही. आर्णीला गाडी थांबली तेव्हा आम्ही घरची ज्वारीची भाकर आणि कांदा खाल्ला. ह्यांनी अर्धीच भाकर खाल्ली. आर्णीच्या पुढं टेकड्या लागतात. सागाला एक पान नव्हतं. एका मोकळ्या जागेत तेंदूपत्त्याचे पुडे रांगेनं वाळत घातले होते आणि डोक्याला ओलं फडकं बांधलेल्या बाया ते उलटवत होत्या. एकीनं गाडीकडं बघून हात केला. कोणाला केला कोण जाणे, मी पण केला.

यवतमाळला सर स्वतः घ्यायला आले होते. त्यांच्या घरी कूलरपुढं बसवलं, कैरीचं पन्हं दिलं, दुपारी आमरस आणि कुरडया. तिथंच दुसरे वाजवणारे भेटले. नागपूरच्या रोहिणीताई पियानो वाजवतात. साठीच्या असतील, केस कापलेले, हसल्या की खांदे हलतात. त्यांचे ड्रम वाजवणारे डेव्हिडभाऊ जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटं वाजवत होते. आणि अमरावतीची एक मुलगी गाणार होती. तिनं फक्त ताक घेतलं. तिला संध्याकाळच्या गाण्याची भीती वाटत होती. मी तिला पिशवीतली खडीसाखर दिली. तिनं माझा हात धरून ठेवला.

ह्यांनी धीर करून विचारलं, "ताई, हे जॅझ म्हणजे नेमकं काय असते?"

रोहिणीताई म्हणाल्या, "एक चाल ठरलेली असते. मग एकजण तिच्यातून बाहेर पडतो, आणि बाकीचे त्याच्या मागं जातात. तो कुठं जाईल ते आधी कोणालाच माहीत नसतं."

"म्हणजे वरातच की," हे म्हणाले. "नवरदेवाचा मामा कुठं थांबून नाचल, कोणाले माहीत असते?"

डेव्हिडभाऊंना हसता हसता ठसका लागला. ह्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा मोकळा झाला.

चार वाजता आम्ही कार्यक्रमाच्या जागी गेलो. एका शाळेचं पटांगण, मोठाल्या कडुनिंबांच्या सावलीत कापडी मांडव, एका टोकाला स्टेज. सगळे एकेक करून वाजवून बघत होते. ह्यांना माईकसमोर उभं केलं. ह्यांनी क्लारनेटच्या तोंडाची पत्ती ओठांनी ओली केली, डोळे मिटले आणि फुंकलं.

आवाज आला, पण तो ह्यांचा नव्हता. दोन ओळी वाजवल्या आणि हे एक पाऊल पुढं सरकले.

"काका, हलू नका!" साउंडवाला ओरडला. "माईक सोडला की आवाज जाते."

हे मागं सरले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पाऊल सरकलं.

"काका, खिळा ठोकू काय पायात?"

तिसऱ्यांदा हे अगदी रोवलेल्या खांबासारखे उभे राहिले आणि चालीच्या मध्येच दम तुटला. ज्यांनी उमरखेडच्या वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत दम न तोडता वाजवलंय, त्यांचा दम तिथं दोन मिनिटांत तुटला. सर जवळ आले, पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. नाही जमलं तर आज पाहुणे म्हणून बसा. तुमचा मान आहेच."

ह्यांनी क्लारनेटचे तुकडे सुटे केले, पुसले, पेटीत ठेवले. माझ्याकडं येऊन म्हणाले, "चाल. पाचची गाडी हाय."

"काहून पण?" मी म्हटलं.

"काहून म्हणजे? पाह्यलं नाई का? आता कोणत्या तोंडानं थांबू?"

मला कारण दिसत होतं. मी घरात तीस वर्षं बघतेय. हे सराव करतात तेव्हा विहिरीपासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून विहिरीपर्यंत येरझाऱ्या घालतात. बँडवाला वरातीपुढं चालतच असतो. ह्यांचा श्वास पावलांना बांधलेला आहे. पण हे ह्यांना स्वतःला कधी कळलं नव्हतं, कारण आयुष्यात कोणी ह्यांना उभं राहून वाजव म्हटलंच नव्हतं. तिथं हे सांगू शकणारी मी एकटीच होते.

रोहिणीताई स्टेजच्या पायरीवर चहा पीत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी बसा म्हटलं तरी मी उभीच. शेवटी एका दमात म्हटलं, "ताई, ते उभ्यानं नाई वाजवत. चालत वाजवते."

त्यांनी कप खाली ठेवला. "चालत?"

"वरातीत चालाच लागते. उभं राह्यलं की त्यायचा दम जाते."

त्या उठून उभ्या राहिल्या. मग ओरडल्या, "डेव्हिड! तुझा छोटा ढोल गळ्यात अडकवता येईल का?"

"येईल की. का?"

"फिरायला जायचंय. काकांबरोबर."

मग त्या स्वतः ह्यांच्याकडं गेल्या. "काका, माईक गेला खड्ड्यात. तुम्ही खाली उतरून चाला, हवं तिकडं चाला. डेव्हिड तुमच्या मागं, आणि मी इथून पियानोवर तुम्हाला शोधत येते."

हे म्हणाले, "लोकं हसतील."

"वरातीत हसत नाहीत का?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. पाचची गाडी गेली.

साडेसहाला लोक आले. झाडांवर ऊन होतं, खाली गार झालं होतं. पहिल्यांदा अमरावतीची मुलगी आली. तिच्या गाण्यात शब्द नव्हते, नुसते सूर होते. आधी तिचा आवाज कापत होता, मग तिनं डोळे मिटले आणि आवाज सरळ झाला. माझ्या शेजारची बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "हे कोणत्या भाषेत हाय?" तो म्हणाला, "तू नुसती ऐक ना." मग रोहिणीताई आणि डेव्हिडभाऊ बसले. रोहिणीताईंची बोटं पियानोवर अशी फिरत होती की कधी तांदूळ निवडतायत असं वाटावं, कधी कणीक तिंबतायत. मला सगळं समजलं असं मी म्हणणार नाही. पण एकजण थांबला की दुसरा त्याची वाट बघत होता, ते मला फार आवडलं.

मग सरांनी ह्यांचं नाव घेतलं.

हे स्टेजवर चढलेच नाहीत. मांडवाच्या बाजूनं वाजवत आले. वरातीची जुनी चाल. दोन रांगांच्या मधून चालायला लागले, मागं डेव्हिडभाऊ ढोल गळ्यात घेऊन. आता आवाज ह्यांचा होता. खुर्च्या करकर वळल्या. हे वळणावर थांबले, जागच्या जागी झुलले, चाल मोडून भलतीकडं नेली, आणि स्टेजवरून पियानो धावत मागं आला. हे हसले, क्लारनेट तोंडात असताना डोळ्यांनी हसले. एक म्हातारे गृहस्थ उठून नाचायला लागले. त्यांच्या सुनेनं त्यांचा सदरा ओढला, तरी ते नाचले.

पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी फाटक होतं आणि पाहुण्यांसाठी त्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. हे त्या तोरणाखाली जाऊन उभे राहिले आणि चाल चढवली. पियानोनं शेवट केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे थांबले नाहीत. डेव्हिडभाऊंनी ह्यांच्या तोंडाकडं बघून पुन्हा ढोल धरला. पुन्हा टाळ्या झाल्या. हे वाजवतच होते. लोकांना वाटलं हा कार्यक्रमच आहे. पण ह्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पाय जागच्या जागी पडत होते आणि श्वास संपत आला होता.

मला कळलं. आमच्याकडं वरात मांडवाच्या दारात आली की बँडवाल्यानं आपणहून थांबायचं नसतं. तो अपशकुन. घरची बाई तांब्या घेऊन पुढं येते, नवरदेवाच्या पायांवर पाण्याची धार सोडते, मग बाजा थांबतो. ह्यांच्या पावलांनी तोरण बघितलं होतं. आता पाणी आल्याशिवाय हे थांबणार नव्हते, आणि त्या शहरातल्या बायांना ते कोण सांगणार?

मी तिसऱ्या रांगेत होते. फाटकापर्यंत सगळ्या लोकांच्या मधून जायचं होतं. मी पदर डोक्यावर घेतला आणि निघाले. लोक माझ्याकडं बघत होते, ते मला पाठीवर जाणवत होतं. चहाच्या टेबलावर स्टीलचा जग होता. मी तो उचलला, ह्यांच्यासमोर गेले आणि दोन्ही पायांवर पाणी सोडलं.

हे थांबले. मग टाळ्या उसळल्या. हे क्लारनेट छातीशी धरून धापा टाकत होते. माझ्याकडं वाकून म्हणाले, "किती वेळ लावते वं? जीव जात होता माह्या."

रात्री सरांकडं मुक्काम केला, सकाळी परतीची गाडी धरली. खिडकीजवळ हे गाढ झोपले होते. मी पाट्या वाचल्या नाहीत. विचार करत होते. तीस वर्षं हे दुसऱ्यांच्या दारात वाजवतात, आणि प्रत्येक दारातलं पाणी नवरदेवासाठी असतं. ते पडलं की बँडवाल्यांनी बाजूला व्हायचं आणि पंगत उठेपर्यंत झाडाखाली बसायचं. काल ते पाणी ह्यांच्या पायांवर पडलं होतं, आणि ते माझ्या हातून पडलं. गर्दीतून चालताना मला किती भीती वाटली होती ते आठवून आता माझं मलाच हसू येत होतं.

महागावला गाडी थांबली तसे हे जागे झाले. फोन काढला आणि पार्टीतल्या ढोलवाल्याला लावला.

"उद्या सकाळी तालीम हाय. तिघं बी येजा."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"कोणाचंच लग्न नाई," हे म्हणाले. "येजा."