मावशी, मिंट टाकून घ्या

विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स वापरायचं, तर नवशिक्याला त्यातलं कुठलं द्यावं, असं कुणी विचारलं की मी पूर्वी चेकाळायचो. मिंट! समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार. तो माणूस कॉम्प्युटरवर करतो काय, हे विचारायची गरज मला कधी वाटली नाही. एवढा मी शहाणा.

मुलुंडला आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. घरबसल्या मराठी टायपिंग करायच्या. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, बुद्धविहाराची निमंत्रणं. कॉम्प्युटर इतका जुना, की तो सुरू होईपर्यंत चहा उकळून व्हायचा. "विंडोज काढून टाका, मावशी. मिंट टाकून घ्या. फुकट आहे, भुंगाट पळेल," मी म्हणालो.

"माझं काम नाही ना जाणार रे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, डिस्क पुसली आणि तासाभरात मिंट बसवलं. कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. मावशींनी मला शिरा खाऊ घातला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पत्रिका उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता चिवडा. त्यांची वीस वर्षांची मराठी एका जुन्या सॉफ्टवेअरवर आणि त्याच्याच फॉन्टवर उभी होती. तेच मी पुसलं होतं. त्याची सीडी केव्हाच हरवलेली. ते विकणारं घाटकोपरचं दुकान बंद पडलेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. विंडोज परत टाकून तरी काय उपयोग?

मग मी युनिकोड मराठी बसवून दिली, हल्ली सगळीकडे चालते ती. टाइपरायटरवर शिकलेली मावशींची बोटं कीबोर्डवरच्या अक्षरांच्या नव्या जागांवर अडखळायची. तरी त्या महिनाभर चिकाटीने बसल्या. मी शेजारी बसून शिकवायचो आणि, सांगायला लाज वाटते, वैतागायचोही. अखेर त्यांनी एक पत्रिका पूर्ण करून छापायला प्रेसमध्ये पाठवली. प्रेसवाल्याचा फोन आला, "मावशी, आमच्या जुन्या मशीनवर हे उघडत नाही. जुन्या फॉन्टमध्येच द्या ना. नाहीतर राहू दे, मी दुसऱ्याकडून करून घेतो."

फॉन्ट बदलून देणाऱ्या वेबसाइटी मी वापरून पाहिल्या, तर जोडाक्षरं तुटायची. हळूहळू शाळांची कामंही यायची बंद झाली. मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परवा त्या दारात आल्या. मुलीचं लग्न ठरलंय म्हणाल्या आणि कोपऱ्याला हळदकुंकू लावलेली पत्रिका माझ्या हातात दिली.

"झकास झालीय, मावशी," मी म्हणालो.

"प्रेसमधल्या कुणीतरी केलीय," त्या म्हणाल्या. "अख्ख्या बिल्डिंगच्या पत्रिका मी केल्या रे. पोरीचीच तेवढी बाहेरून करून घ्यावी लागली."

मी त्यांना आत बोलावलं. अजून चार घरं व्हायचीत, असं म्हणून त्या शेजारच्या दाराकडे वळल्या.