टिशूत गुंडाळलेला प्रसाद

आपल्या लोकांबरोबर सहलीला जायचं नाही, असं मी दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी व्हॅनमध्ये जाऊन बसते. त्या रविवारी फिलाडेल्फियाला निघाले ती मात्र मैत्रिणीच्या आईसाठी. मैत्रीण नर्स, तिची ड्यूटी होती. काकू वसईच्या, कॅथलिक, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या. काकांना जाऊन त्याच दिवशी वर्ष होत होतं आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सहलीच्या यादीत नेमकं एक जुनं कॅथलिक चर्च होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या धामधुमीत तेव्हाचे पुढारी तिथे प्रार्थनेला येऊन गेले होते. काकूंना त्या पुढाऱ्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना काकांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, ऐकायची होती, बस्स.

व्हॅनमध्ये मंडळाच्या अध्यक्षांनी मागे वळून विचारलं, "काकू, तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता हो!"

काकूंच्या घरी पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलतात. त्या नुसत्या हसल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मीही हसले.

पार्किंगपासून चालताना काकूंनी माझा दंड धरला. "बाळा, एवढं सांग सगळ्यांना. मिस्सेत रांग लागते, फादर गव्हाची पातळ चकती देतात. आपल्या लोकांनी उठायचं नाही, बसून राहायचं. आम्हाला तो खाऊ नसतो गं. तो प्रत्यक्ष प्रभू असतो."

"सांगते," म्हणाले, आणि सांगितलं नाही. अध्यक्षांना काही सुचवलं की त्यांचा अपमान होतो, मग परतीचे तीन तास ते फुगून बसतात. कोण कशाला उठतंय, अशी मी माझी समजूत घातली.

चर्च बाहेरून अगदी साधं, विटांचं. शेजारी जुनी दफनभूमी. तिथल्या एका थडग्याच्या दगडावर आमच्यातल्या एकीने डबा उघडून धपाटे वाटायला घेतले. लोणच्याचं तेल दगडावर ओघळलं, ते तिने चपलेने पुसलं. हो, चपलेने! आत प्रार्थना सुरू झाली तरी दोघे जण वेदीकडे पाठ करून सेल्फी काढत होते. अध्यक्ष बाकावर हात आपटून सांगत होते, "इथंच बसले असणार बघा सगळे मोठे लोक." पुढच्या बाकावरच्या गोऱ्या आजोबांनी मागे वळून पाहिलं. मला शरमेपेक्षा किळस जास्त वाटत होती. धपाट्यांचा लसणाचा वास आमच्याबरोबर आत आला होता.

काकू सगळ्यांत पुढे गुडघे टेकून बसल्या होत्या. रांग लागली तशा त्या उठल्या. त्यांच्या मागोमाग आमचे चौघे उठले, अध्यक्षांसकट. उजव्या हाताखाली डावा हात, मान खाली, सत्यनारायणाच्या प्रसादाला उभे राहतात तसे. मी मागच्या बाकावर होते. चार पावलं जाऊन अध्यक्षांचा शर्ट ओढता आला असता. मी फोनवर पार्किंगची वेळ बघत बसले.

तिघांनी चकती तोंडात टाकली. अध्यक्षांनी हात तोंडापर्यंत नेला, मग बाजूला येऊन चकती टिशूत गुंडाळून खिशात टाकली.

"नातवाला नेतो," मला म्हणाले.

काकूंनी ते पाहिलं होतं. बाहेर फुटपाथवर त्यांनी अध्यक्षांना गाठलं. "भाऊ, ते घरी न्यायचं नसतं. आत्ता खा, नाहीतर माझ्याकडे द्या. हात जोडते तुम्हाला."

"अहो काकू, प्रसादच ना? सगळे देव सारखेच." त्यांनी टिशू उघडला, चकती चावून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "अगदीच पुठ्ठा हो! ना मीठ, ना साखर." चावलेलं त्यांनी टिशूत थुंकलं, टिशूचा बोळा केला आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. "चला, चला! स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या त्या हॉलचं एक वाजताचं तिकीट आहे. लेट झालं तर कॅन्सल करतात."

सगळे निघालेसुद्धा. मी काकूंचा हात धरून म्हणाले, "जाऊ द्या ना काकू. त्यांना कळत नाही."

काकूंनी हात सोडवून घेतला आणि त्या डब्यापाशी गेल्या. डबा तोंडापर्यंत भरलेला होता. कॉफीचे कप, केचपने माखलेले कागद, कुत्र्याची घाण बांधलेली कुणाची तरी पिशवी, वर माश्या. काकूंनी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. एक टिशू काढला, तो नव्हता. दुसरा काढला. बोळा हलक्या हाताने उलगडला. आत लाळेने भिजलेला लगदा होता. त्यांनी डोळे मिटले, क्रुसाची खूण केली, ओठ हलले. मग तो लगदा त्यांनी जिभेवर घेतला आणि गिळला.

"ई!" कुणीतरी किंचाळलं.

काकूंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. फुटपाथवर माझ्याशिवाय दुसरं कुणीच नव्हतं.