साखरपुड्यातला उतारा

स्पिरिटचा वास आला की मला ताईचा साखरपुडा आठवतो. उधन्याच्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणे मावत नव्हते, ताटांत घारीची गोड मिठाई मांडलेली, आणि जेवणाआधी मला रक्तातली साखर तपासायची होती. मशीनची पिशवी उचलताच मावशी कानाशी कुजबुजली, "बाथरूममध्ये जाऊन कर गं. मुलाकडचे म्हणतील, घराण्यातच रोग आहे. मोडलं तर ताईला काय तोंड दाखवशील?" मी गेले. ओल्या बोटांतून तपासणीची पट्टी निसटून बादलीत पडली. आता एकच उरली होती. बादलीत तरंगणाऱ्या त्या पट्टीकडे बघता बघता मला राग आला. चार माणसांत तोंड न उघडणारी मी बाहेर आले, पाहुण्यांच्या मधोमध सतरंजीवर बसले, स्पिरिटने बोट पुसलं आणि टोचलं. सगळे माझ्याकडे वळले. मावशी घाईने म्हणाली, "कॉलेजचा प्रोजेक्ट आहे तिचा!" "प्रोजेक्ट नाही, मला डायबेटिस आहे," मी म्हणाले. ताईचे होणारे सासरे बारडोलीकडे साखर कारखान्यात उसाच्या रसातली साखर मोजायचे. उसातून जेवढी साखर निघते, त्याला ते लोक उतारा म्हणतात. चष्मा सारखा करत त्यांनी विचारलं, "मग, उतारा किती?" "एकशे अडतीस," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "ठीक आहे. अर्धीच घारी घे," ते म्हणाले, आणि ताईला अंगठी घालायला बोलावलं. मावशी पुढे वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आता मी ऑफिसात, बसमध्ये, असेन तिथे बोट टोचते. कोणी टक लावून बघतच राहिलं, तर आकडा मोठ्याने वाचते.