माझं जांभळीचं झाड

आमच्या गावच्या तळ्याभोवती आता गोल रस्ता झालाय. सपाट, चाकाची खुर्ची आरामात फिरेल एवढा रुंद, आणि दलदलीच्या भागावर कठड्याचा लाकडी पूल. पाटीवर लिहिलंय की हे पाणथळ पक्ष्यांसाठी राखलेलं आहे. असेल बापडं. मला विचाराल तर तो रस्ता खास माझ्यासाठी बांधलाय, कारण पलीकडच्या काठावर माझं जांभळीचं झाड आहे, आणि ते मी उभ्या जन्मात जवळून पाहिलेलं नव्हतं.

पोलिओने माझे पाय लहानपणीच नेले. उन्हाळ्यात भावंडं जांभळं काढायला चिखल तुडवत पलीकडे जायची आणि मला अलीकडे धुण्याच्या दगडावर बसवून ठेवायची. मी रडून आकाशपाताळ एक करायची. मग एकदा ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, सांगितलं की तिथलं एक झाड माझं आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. तेव्हापासून दरवर्षी ती पळसाच्या पानांचा द्रोण भरून माझ्या झाडाची जांभळं आणायची. माझी ऐट काय विचारता! दोघा भावांना मी एकही द्यायची नाही. ताईला मात्र मोठ्या मनाने चार काढून द्यायची.

यंदा भात झोडून झाल्यावर ताई खर्डीहून, तिच्या सासरहून, राहायला आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, चल फेरी मारू. तर हिची टाळाटाळ सुरू. ऊन होईल, गुडघे दुखतायत, तळ्यात काय मेलं बघायचंय. मी म्हटलं, तळं नाही, माझं झाड बघायचंय. तिचा चेहरा पडला. मला वाटलं, गुडघेच असतील.

खुर्ची मीच चालवत होते. धुण्याचा दगड मागे पडला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले, आणि पाणकोंबड्या दचकून लव्हाळ्यात पळाल्या. लाकडी पुलावर चाकं खडखडत होती. खाली कमळाची पानं, मधल्या मोकळ्या पाण्यात उलटा दिसणारा सिद्धगडाचा डोंगर, आणि काठावर एक खंड्या आमच्याकडे ढुंकूनही न बघता बसलेला. इतकी वर्षं हे सगळं मी लांबून बघितलं होतं. ताई आपली मागून, परत फिरू, चहा घेऊ. मी कसली ऐकते!

पलीकडच्या काठावर एक जांभूळ होती. चांगली ऐसपैस, फांद्या पाण्यावर आलेल्या. पण बाकी सगळे करंज आणि ऐन.

"हे माझं, तर बाकीची जांभळीची झाडं कुठायत गो?" मी विचारलं.

ताई कठड्याला टेकली. पदराने मान पुसली. "जांभूळ एकच हाय," ती म्हणाली. "पयल्यापासून एकच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भावांचा नियम होता, जो झाडावर चढेल त्यालाच वाटा. ताईने माझ्यासाठी वाटा मागून पाहिला, भांडूनही पाहिलं, पण दोघे ऐकेनात. तेव्हा ती स्वतःचा वाटा द्रोणात घालून माझ्याकडे आणायला लागली. मी तो मुकाट्याने घ्यावा म्हणून तिने मला आख्खं झाड देऊन टाकलं.

डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही आवरेना. म्हणजे दरसाल मी राणीच्या थाटात हिच्याच वाट्यातली चार जांभळं हिला दान करत होते, आणि ही बया ती हात पुढे करून घेत होती!

"मग तू काय खायचीस?"

"तू द्यायचीस ती चार," ताई म्हणाली. "लय गोड लागायची."

मी खुर्ची थेट झाडाला नेऊन भिडवली आणि पहिल्यांदाच माझ्या झाडाला हात लावला. खोड खरखरीत होतं, उन्हाने जरा कोमट झालेलं. ताईचा हात ओढून मी माझ्या हाताशेजारी ठेवला.

"जा, आजपासून अर्धं झाड तुझं."

"अर्धंच?" ताई म्हणाली, आणि गुडघे विसरून पुढे चालायला लागली.